पात्यावरचं झाकण

सुतारसर शाळेत पहिल्यांदा आले ते दार दुरुस्त करायला. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार फुगलं होतं आणि उघडताना असं कण्हायचं, की आत बोलावलेल्या मुलाचं निम्मं अवसान तिथंच गळायचं. दुपारपर्यंत दार मुकाट झालं. तेवढ्या वेळात ह्या माणसानं शिपायाला रंधा कसा धरायचा ते शिकवलं. शिपाई तीनदा चुकला, हे तीनदा हसले आणि चौथ्यांदा त्याच्या हातावर आपला हात ठेवून रंधा ओढून दाखवला. मुख्याध्यापक खुर्चीतून बघत होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. नववी-दहावीच्या मुलांना आठवड्याला दोन तास हातानं काम शिकवा, असा हुकूम वरून नुकताच आला होता, आणि ते ऐकल्यापासून चित्रकलेच्या सरांची पाठ एकाएकी धरली होती.

"मुलांना शिकवाल का?" मोठ्या सरांनी विचारलं.

"मी आठवी नापास आहे, साहेब."

"मग तर मुलांचं दुःख तुम्हाला आमच्यापेक्षा बरं कळेल."

एका दिवसाच्या कामाला आलेला माणूस असा एकोणीस वर्षं राहिला.

मैदानाच्या मागे मोडक्या बाकांची एक पत्र्याची खोली होती. सुतारसरांनी त्याच बाकांची आठ टेबलं केली, प्रत्येकाला लाकूड घट्ट धरणारा शिकंजा बसवला, भिंतीवर करवती आणि पटाश्या टांगल्या. कोपऱ्यात गोल पात्याचं करवतीचं यंत्र आलं. त्याच्या पात्यावर लोखंडी झाकण होतं, चार स्क्रूंनी बसवलेलं, आणि त्या यंत्राजवळ जायला मुलांना बंदी होती. वर्गाचं नाव फळ्यावर 'कार्यशाळा' असं होतं, पण मुलं 'भुसा' म्हणत. "पुढचा तास कुठला?" "भुसा."

शिक्षकांच्या खोलीत त्यांना सुरुवातीला कुणी खुर्ची पुढे केली नाही. त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. चहा ते भुशातच प्यायचे. 'सुतारसर' ही हाकही आधी टवाळीचीच होती. मग मुलांच्या तोंडात ती अशी बसली, की टवाळी कधी गळून पडली ते कुणालाच कळलं नाही.

वर्षातून एकदा ते मुलांना बाहेर न्यायचे. बाकीच्या सरांच्या सहलीला मुलं जोडीजोडीनं रांगेत चालायची आणि परत आल्यावर वीस ओळींचा निबंध लिहायची. सुतारसर सांगायचे, "वही आणू नका. हात आणा." आधी लाकडाच्या वखारीत, मग नदीकाठच्या होडीच्या कारखान्यात. कारखाना कसला, एक मोठी शेड, तिच्यात उलट्या घातलेल्या दोन-तीन होड्या आणि एक म्हातारा कारागीर. मुलं त्यांना होडीवाले आजोबा म्हणायची. आजोबांना लेक्चर देता येत नसे. ते मुलांच्या हातात एकेक लाकडी हातोडी द्यायचे आणि म्हणायचे, "ठोका. आणि ऐका." चांगली फळी खणखणीत बोलते, आतून कुजलेली फळी नुसती ढब् करते. घटकाभरानं वात्रटातली वात्रट पोरंही फळीला कान लावून बसलेली असायची.

सुतारसरांचं शाळेत आठवं वर्ष चालू असताना नववीत एक मुलगी आली. पोस्टमनची मुलगी, डावखुरी. लहानपणी कुणीतरी पट्टी मारमारून तिला उजव्या हातानं लिहायला शिकवलं होतं, त्यामुळे लिहायला उजवा आणि बाकी सगळ्याला डावा, असा तिचा कारभार होता. वर्गातली मुलं तिला 'डावी' म्हणत. पहिल्या तासाला तिचा रंधा अडखळत होता. सुतारसरांनी दोन मिनिटं बघितलं, मग काही न बोलता तिच्या टेबलाचा शिकंजा काढून दुसऱ्या बाजूला बसवला. पोरीनं रंधा ओढला आणि फळीवरून अशी लांबलचक, पातळ, अखंड ढलपी निघाली, की शेजारच्या टेबलावरची मुलं थांबून बघत राहिली. तिनं ती उजेडात धरली. आरपार दिसत होतं.

त्या दिवसापासून ती मधली सुट्टी भुशातच काढायला लागली. डबा एका हातात, दुसऱ्या हातात कानस. सुतारसरांना स्वतःचं मूल नव्हतं. ते असलं काही बोलून दाखवणारे नव्हते, पण घरी बायकोला संध्याकाळी रोज कुणाबद्दल सांगायचे, ते तिला बरोबर कळायचं. "आज काय केलं तुमच्या डावीनं?" ती स्वतःच विचारायची.

त्या वर्षीच्या सहलीत आजोबांच्या शेडमध्ये एक होडी तयार उभी होती, दुसऱ्या दिवशी न्यायची. मुलं ठोकत होती, ऐकत होती. डावी होडीच्या एका फळीशी थांबली. पुन्हा ठोकलं. मग म्हणाली, "आजोबा, ही बरी नाही वाटत."

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी वाकून कान लावला, पटाशीचं टोक हलकेच टेकवलं, आणि ते लोण्यात जावं तसं आत गेलं. म्हाताऱ्यानं पोरीकडे बघितलं, मग सुतारसरांकडे. "दहावी झाली की हिला माझ्याकडे पाठवा. माझी अजून तीन-चार वर्षं आहेत. तेवढ्यात शिकेल."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बाकीची पोरं गात होती. ती सुतारसरांना एवढंच म्हणाली, "बाबा हो म्हणतील ना?" ते म्हणाले, "मी बोलतो बाबांशी." आणि बोललेही. पोस्टमननं आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण मुलीचा चेहरा बघून म्हणाला, "बघू, दहावी तर होऊ दे." हा होकारच होता.

दहावीत मुलांनी ठरवलं, की शाळेच्या प्रदर्शनासाठी खरीखुरी होडी करायची. दोन माणसं बसतील अशी. सुतारसरांच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले तीन महिने. यंत्राजवळ जायची परवानगी त्यांनी फक्त डावीला दिली होती, तीही ते शेजारी उभे असताना. प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते. त्या सकाळी काही जाड तुकडे कापायचे होते आणि झाकण आडवं येत होतं. त्यांनी चारही स्क्रू काढले, झाकण खिडकीत ठेवलं, स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले. काम झालं की लगेच बसवायचं, असं मनात होतं. तेवढ्यात शिपाई आला, "मोठे सर बोलावतायत, पाहुण्यांची बसायची व्यवस्था ठरवायचीय." बाहेर जाताना मुख्य बटण बंद करून किल्ली खिशात घालायची, ही त्यांची आठ वर्षांची सवय. त्या दिवशी मात्र हातात पेन्सिल होती, डोक्यात पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, आणि ते तसेच गेले.

मधली सुट्टी झाली. डावी आली. तिचा एक तुकडा कापायचा राहिला होता. झाकण काढलेलं तिनं बघितलं, पण सरांनी काढलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं तिला वाटलं. सर समोरूनच मैदान ओलांडून येताना तिला दिसले, म्हणून तिनं यंत्र चालू केलं.

सुतारसर दारापासून दहा पावलांवर होते. यंत्राचा आवाज बदललेला त्यांनी ऐकला. लाकूड कापतानाचा आवाज त्यांना माहीत होता. हा तो नव्हता.

डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तिच्या खाटेभोवती मोठे सर, तिचे वडील, वरच्या कार्यालयातून आलेले एक अधिकारी आणि सुतारसर उभे होते. तिचा हात पांढऱ्या बोचक्यासारखा उशीवर ठेवलेला होता. सुतारसर रात्रभर एकच वाक्य मनात घोळवत बसले होते. झाकण मी काढलं. ते बोलायचं म्हणूनच ते आले होते.

अधिकाऱ्यांनी कागद काढला. "यंत्रावरचं झाकण कुणी काढलं होतं?"

"मी," मुलगी म्हणाली.

अधिकाऱ्यांनी कागदावरून वर बघितलं.

"मीच काढलं. सरांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सुतारसरांनी तोंड उघडलं. पोस्टमन मध्येच कडाडला, "आगाऊपणा! कितीदा सांगितलं, जिथं तिथं हात घालू नकोस!" आणि मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत रडायला लागला. मोठ्या सरांनी सुटकेचा श्वास टाकला. शाळा वाचली होती. ते सुतारसरांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पोरीनं स्वतःच सांगितलं, बरं झालं. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका." अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. कागदाची घडी झाली. सुतारसरांचं तोंड मिटलं ते मिटलंच. तीनच शब्दांचं काम होतं.

सगळे बाहेर गेल्यावर ते एकटे मागे थांबले. मुलगी म्हणाली, "सर, भुसा बंद करून टाकला असता त्यांनी. तुम्हाला काढलं असतं. बोटं काय, परत येणार होती थोडीच?"

ह्यावर त्यांनी काय म्हणायला हवं होतं, ते त्यांना पुढे अकरा वर्षं रोज सुचत राहिलं. त्या वेळी ते म्हणाले, "झोप आता."

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या तिला ताप होता. परवा प्रदर्शन होतं. मग वाटलं, ती घरी येऊ दे. मग वाटलं, आता कागद वर गेले, आता सांगितलं तर तीच खोटी ठरेल. भित्र्या माणसाला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही.

मुलगी दीड महिन्यानं शाळेत आली, त्या दिवशी प्रार्थनेनंतर मोठ्या सरांनी सगळ्या शाळेसमोर शिस्तीवर भाषण केलं. नाव घेतलं नाही, पण गरज काय होती? आठशे मुलं मान वळवून दहावीच्या रांगेकडे बघत होती. "वडीलधाऱ्यांचं न ऐकल्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते," मोठे सर म्हणाले. मुलगी हात पाठीमागे धरून उभी होती. ती मोठ्या सरांकडे बघत नव्हती. ती शिक्षकांच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या सुतारसरांकडे बघत होती. भाषण संपेपर्यंत बघत होती. सुतारसर जमिनीकडे बघत होते.

त्यानंतर ती भुशात आली नाही. ती पास झाली. होडीवाल्या आजोबांकडे जायचा विषय घरात निघालाच नाही.

पुढच्या सहलीला आजोबांनी विचारलं, "आमची डावखुरी कुठं आहे?"

सुतारसरांनी सांगितलं. म्हणजे कागदावर जे होतं, ते सांगितलं.

म्हातारा बराच वेळ हातातली हातोडी फिरवत राहिला. "ज्या पोरीला फळीच्या पोटातलं दुखणं कळतं, ती पात्यावरचं झाकण काढेल? मला नाही पटत." त्यानं सुतारसरांकडे निरखून बघितलं. सुतारसर मुलं मोजायला लागले. चार वर्षांनी आजोबा वारले आणि शेडला कुलूप लागलं.

कार्यशाळा चालू राहिली. प्रत्येक नव्या वर्गाला सुतारसर पहिले तीन तास फक्त झाकणाबद्दल सांगायचे. मुलं कंटाळायची. त्यांना वेगळीच गोष्ट पाठ होती. मोठ्या मुलांनी धाकट्यांना, धाकट्यांनी त्यांच्या धाकट्यांना सांगितलेली. "फार वर्षांपूर्वी एक आगाऊ मुलगी होती. सर नको नको म्हणत होते आणि तिनं झाकण काढलं." दर वर्षी गोष्टीत भर पडायची. कधी ती सरांना उलट बोलली होती, कधी ती मैत्रिणींवर छाप पाडत होती. सुतारसर रंधा मारत असायचे आणि पाठीमागे ही कुजबुज चालायची. एकदाच ते वळून ओरडले, "गप्प बसा! अशी नव्हती ती!" मुलं चपापली. मग आपसात म्हणाली, बघा, सर किती चांगले आहेत, अजून तिची बाजू घेतात.

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं समारंभ केला. मोठे सर केव्हाच निवृत्त झाले होते, तेही मुद्दाम आले. भाषणात म्हणाले, "एकोणीस वर्षांत ह्यांच्या हाताखाली एकच अपघात झाला, आणि तोही मुलीच्या स्वतःच्या चुकीनं." टाळ्या पडल्या. सुतारसरांच्या हातात फुलं होती. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले, "मी..." म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

घरी आल्यावर फुलं टेबलावर ठेवून त्यांनी बायकोला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात चार स्क्रू होते."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात. ते मला ऐकायचं नव्हतं."

भाजी निवडून झाल्यावर ती म्हणाली, "आधी तिच्या बापाला सांगा."

पोस्टमन आता म्हातारा झाला होता. बायको गेलेली, घरात एकटाच. त्यानं सुतारसरांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, तब्येतीचं विचारलं. सुतारसरांनी ग्लास तसाच हातात धरून सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. चिडेल, अंगावर धावून येईल, असं सुतारसरांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तिनं काढलं नव्हतं?" त्यानं पुन्हा विचारलं.

"नाही."

"मी तिला किती बोललो." म्हाताऱ्यानं डोळे चोळले. "हातातून पेला पडला तरी बोलायचो, आगाऊपणाचं फळ. एक स्थळ आलं, त्यांनी हात बघितला आणि गेले, तर त्या दिवशीही बोललो. तिनं एकदाही तोंडातून शब्द काढला नाही हो. मग ती नोकरीला लागली आणि परगावी गेली. पाच वर्षं झाली. फोन करते, तब्येत विचारते, ठेवते. मला वाटायचं, पोरगी दगड आहे." तो उठला, कपाटातून एक चिठ्ठी काढली. "हा तिचा पत्ता. मी नाही येणार तुमच्याबरोबर. माझ्यात ताकद नाही. तुम्ही जा."

चार तासांचा प्रवास होता. ती एका बस स्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. सुतारसर सरळ समोर जायला धजले नाहीत. ते रांगेत उभे राहिले. काचेमागे एक सव्वीस वर्षांची बाई उजव्या हातानं तिकिटं फाडत होती, शिक्का मारत होती. डावा हात टेबलाखाली होता.

"कुठलं?" तिनं वर न बघता विचारलं.

ते काचेशी तसेच उभे राहिले. तिनं वर बघितलं. मागचा माणूस म्हणाला, "अहो आजोबा, लवकर."

"सर," ती म्हणाली. मग, "वीस मिनिटांनी माझी सुट्टी होईल. त्या बाकावर बसा."

बाकावर ती त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. सुतारसरांनी आजवर मनात शेकडो वेळा म्हटलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. की ते भ्याले. की तिच्या बापाला त्यांनी कालच सांगितलं. की शाळेतही सांगणार आहेत. ती समोर उभ्या गाडीकडे बघत ऐकत होती.

"बाबा काय म्हणाले?"

"रडले."

समोरची गाडी हलली, तशी ती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "सर, एक सांगू? मी तेव्हा काही फार मोठा विचार नव्हता केला. पंधरा वर्षांची होते. तुमचा चेहरा इतका भयंकर झाला होता, की मला बघवेना. म्हणून बोलून गेले. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगाल."

सुतारसरांनी मान खाली घातली.

"दुसऱ्या दिवशी नाही तर तिसऱ्या दिवशी. भाषण चाललं होतं ना, तेव्हाही मला वाटत होतं, आता सर पुढे येतील. आत्ता येतील. मी तुमच्याकडेच बघत होते."

"माहीत आहे."

"बोटांचं मला काही वाटत नाही. खरंच. कुणाच्याही हातून होतं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "पण मला वाटायचं, माझ्या बाबांपेक्षा तुम्ही मला जास्त ओळखता."

त्यांनी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. तिनं तो ओढणीखाली घेतला, रागानं नव्हे, नुसत्या सवयीनं.

"मी काय करू, पोरी?"

"आता काय करणार?" ती उठली. "तुमची गाडी तीन नंबरला लागते. पुढं जाऊन बसा, मागं धक्के बसतात."

गावी परतल्यावर सुतारसरांनी शाळेला पत्र लिहिलं. नव्या मुख्याध्यापिकांनी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "काका, एवढ्या वर्षांनी हे कशाला उकरून काढता? मी फाइलला लावते." सुतारसरांनी हात जोडून एकच मागितलं, दहावीच्या वर्गासमोर दहा मिनिटं. त्या नाही म्हणू शकल्या नाहीत.

मुलं आठ टेबलांभोवती उभी राहिली. सुतारसरांनी सांगितलं. ती आगाऊ नव्हती. झाकण मी काढलं होतं, बटण मी चालू ठेवलं होतं, आणि ती खोटं बोलली ते मला वाचवायला. तुम्ही जी गोष्ट सांगता ती खोटी आहे आणि ती मी अकरा वर्षं चालू दिली.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग दुसऱ्या टेबलावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग त्या ताई आता काय करतात?"

"तिकिटं देते."

"आणि होडीचं काम?"

"ते राहिलं," सुतारसर म्हणाले.

तास संपल्याची घंटा झाली. एरवी ही मुलं जाताना त्यांच्याभोवती घोळका करायची. त्या दिवशी ती बाजूनं वाट काढत निघून गेली, आणि हे बरोबरच आहे, असं सुतारसरांना वाटलं.

पोस्टमन महिन्याभरात मुलीकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती वर्षातून दोनदा घरी यायला लागली. चार दिवस राहते, बापाला दवाखान्यात नेते, दोघं संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसतात. सुतारसरांचा बाजाराला जायचा रस्ता त्या दारावरूनच जातो. ती आल्याचं कळलं, की ते त्या चार दिवसांत लांबच्या रस्त्यानं जातात. बायको विचारत नाही. पिशवी हातात देताना एवढंच म्हणते, "सावकाश या."